नीरेकाठचे पोलाद

1885 च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात खेळू लागले, ऊस उभा राहिला आणि गुऱ्हाळांच्या चुलवणांवर लोखंडी काहिली चढल्या. हंगाम सरला, की उघड्या काहिलीवर तांबूस गंज धरे. हा गंज भुसभुशीत असतो. त्याचा पोपडा सुटला, की खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेला भिडते आणि गंज आत आत शिरत जातो.

यावरचा उपाय मात्र त्याआधीच कोणाच्या तरी हाती येऊन निसटला होता. 1797 साली वोक्लाँ यांनी क्रोमियमचा शोध लावला आणि 1821 मध्ये बेर्त्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाहिले, की क्रोमियम मिसळलेले लोखंड आम्लाला दाद देत नाही. पण त्या मिश्रधातूतला कर्ब त्या काळी पुरेसा उतरवता येईना, म्हणून तो मिश्रधातू ठिसूळ निघे. तब्बल नव्वद वर्षे ही वाट बंद राहिली. 1912 मध्ये जर्मनीत क्रुप कारखान्याच्या श्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियमला निकेलची जोड दिली. पुढच्याच वर्षी शेफील्डमध्ये बंदुकीच्या झिजणाऱ्या नळ्यांवर तोड शोधताना हॅरी ब्रिअर्ली यांना न गंजणारे पोलाद सापडले. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या पुढे गेले, की पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा बसतो. ओरखडा पडला, तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा सांधला जातो. म्हणजे स्टेनलेसचा खरा गुण त्याच्या कातडीत आहे, ताकदीत नव्हे.

हा फरक समजून घ्यायला आपण इंदापूर तालुक्यातच थांबू. 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला. त्यातूनच वालचंदनगर वसले. साखरेच्या यंत्रांची दुरुस्ती करता करता इथले कारागीर अख्खे साखर कारखाने घडवू लागले. रस आटवणाऱ्या पात्रांतल्या पितळी नळ्यांची जागा पुढे अनेक कारखान्यांत 304 या प्रतीच्या स्टेनलेसने घेतली. त्यात 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. 1970 च्या दशकापासून याच गावात इस्रोच्या अग्निबाणांची कवचे बनू लागली. पण त्यांतल्या मोठ्या कवचांचे पोलाद वेगळे, मॅरेजिंग. त्यात 18 टक्के निकेल आणि सुमारे 8 टक्के कोबाल्ट असते, शिवाय मॉलिब्डेनम व टायटॅनियम, कर्ब जवळजवळ नाही आणि क्रोमियमही नाही. ते आधी मऊ असतानाच घडवून, कातून घेतात. मग सुमारे 480 अंशांवर काही तास भट्टीत मुरवतात, तेव्हा त्याला असामान्य बळ येते. मात्र दमट हवेत ते गंजते, म्हणून त्याला रंगाचे आवरण द्यावे लागते. 14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 उचलणाऱ्या एस-200 बूस्टरच्या कवचांचे भाग वालचंदनगरचे होते. नीरेकाठच्या माळावरच्या कारागिरीचा याहून मोठा गौरव मला तरी दिसत नाही.

बारामतीच्या दूध प्रकल्पांत आणि टँकरांत पुन्हा 304 भेटते, कारण तिथे दुधातले आम्ल आणि धुण्याची तीव्र रसायने रोजची. भांड्यांच्या दुकानात मात्र अजूनही चुंबक लावून पारख होते, आणि ती फसवी आहे. 304 ला चुंबक बहुधा चिकटत नाही, पण निकेल वाचवून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त 200 मालिकेलाही चिकटत नाही. उलट 430 ला चिकटतो, तरी ते स्टेनलेसच असते. म्हणून भांडे घेताना चुंबकापेक्षा बुडावर कोरलेला आकडा पाहावा, आणि तो नसेल तर दुकानदाराला विचारावा.