घोडीचे बीजांड गोठवल्याने काय होते?

घोड्याचे वीर्य गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येते, लहान भ्रूणही गोठवता येतो. बीजांडाचे घोडे मात्र अजून अडलेलेच आहे. गोठवण्याचा परिणाम मोजताना आधी मोजायचे काय, हे ठरवावे लागते. पूर्ववत तापमानाला आणलेल्या बीजांडाचे पेशीपटल शाबूत आहे, रंगद्रव्य आत शिरत नाही, एवढ्यावर त्याला ‘जिवंत’ म्हणण्याची रीत आहे. पैदाशीच्या हिशेबात हे फारच थोडे झाले. बीजांड पक्व व्हायला हवे, फलित व्हायला हवे, पेशी दुभंगत ब्लास्टोसिस्ट या भ्रूणावस्थेपर्यंत पोहोचायला हवे, घोडी गाभण राहायला हवी, त्यानंतर शिंगरू. गोठवलेली बरीच बीजांडे इक्सीनंतर, म्हणजे सुईने शुक्रजंतू आत सोडल्यावर, दुभंगतात आणि ब्लास्टोसिस्टच्या अलीकडेच थांबतात. खरी गळती तिथे आहे.

याची कारणे बीजांडाच्या घडणीत सापडतात. सूक्ष्मदर्शकाखाली घोडीचे बीजांड मेदकणांमुळे काळसर दिसते, आणि असा मेदाने भरलेला जीवद्रव थंडी सोसत नाही. शिवाय पेशी मोठी आणि गोल, त्यामुळे आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी. आतले पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. आत राहिलेल्या पाण्याचे स्फटिक झाले की पेशी फाटते. म्हणून हल्ली विट्रिफिकेशन करतात. बीजांड इथिलीन ग्लायकॉल व साखरेच्या दाट द्रावणात टाकले की पाणी सोडून आक्रसते. मग जेमतेम दिसेल एवढ्या थेंबासह ते प्लॅस्टिकच्या बारीक पट्टीवर ठेवायचे आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचे. द्रव इतक्या झपाट्याने घट्ट होतो की स्फटिक बनायला सवडच मिळत नाही. पण हीच दाट द्रावणे विषारीही असतात. शेवटच्या द्रावणात बीजांड थोडे जास्त रेंगाळले तर नुकसान, घाईने काढले तर पाणी आतच राहते.

बीजांड कोणत्या अवस्थेत गोठवावे, हा पुढचा प्रश्न. पक्व बीजांडात गुणसूत्रे तर्कूवर, म्हणजे त्यांना वेगळे करणाऱ्या धाग्यांच्या रचनेवर, मांडलेली असतात आणि थंडीने तर्कूच विस्कटतो. अपक्व बीजांडात गुणसूत्रे केंद्रकात सुरक्षित असल्याने ते सोयीचे वाटते. पण भोवतालच्या क्युम्युलस पेशी ज्या नाजूक धाग्यांनी त्याला पोसतात, तेच गोठवताना तुटतात आणि पुढची पक्वता लंगडी होते. अनुभवही असाच आहे. पक्व बीजांडांपासून दोन शिंगरे झाल्याची नोंद अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातून २००२ साली आली; अपक्व बीजांडापासून पहिले शिंगरू नोंदले जायला २०१८ उजाडले, तेही बेल्जियममधील गेंट येथे.

कोलोरॅडोच्या प्रयोगातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. तिथे गोठवलेली बीजांडे रेतन केलेल्या दुसऱ्या घोड्यांच्या अंडनलिकेत सोडली होती, म्हणजे शुक्रजंतूला बीजांडाचे बाहेरचे आवरण स्वतः भेदावे लागले. गोठवल्याने हे आवरण कठीण होते असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खरा असला तरी सर्वस्वी आड येत नाही, एवढे यावरून सिद्ध होते. प्रयोगशाळेत तर १९९६ पासून इक्सीने शुक्रजंतू सुईनेच आत सोडता येतो, तेव्हा हा दोष तिथे झाकलाच जातो. साधे काचनलिका-फलन घोड्यात पुन्हापुन्हा जमेल अशी रीत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून २०२२ मध्ये पुढे आली. ती रूढ झाली की झाकलेला दोष उघडा पडेल.

मग एवढा खटाटोप कशासाठी? नेहमीच्या कामात याची फारशी गरज नाही, असे माझे मत आहे. अपक्व बीजांडे न गोठवता, साध्या खोलीच्या तापमानाला रात्रभर राहतात आणि दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. इक्सीने तयार झालेला भ्रूण लहान असल्याने उत्तम गोठतो. घोडी पोटशुळाने दगावली तरी मालकाने लगेच नर निवडून भ्रूण करून ठेवणे जास्त शहाणपणाचे. बीजांड गोठवल्याने वय थांबते, उलटे फिरत नाही. आणि घोडीची किंमत बहुधा तिची कारकीर्द सरल्यावरच, म्हणजे वय झाल्यावरच, कळते. पुण्याच्या आसपासच्या थरोब्रेड स्टड फार्मना तर याचा उपयोगच नाही, कारण थरोब्रेडच्या वंश-नोंदवहीत नैसर्गिक संयोगाचेच शिंगरू चालते.

जातींचे जतन ही बाब वेगळी. वीर्यातून पित्याची बाजू टिकते. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियांचा वारसा बीजांडाशिवाय किंवा भ्रूणाशिवाय जपता येत नाही. भीमथडीसारख्या मोजक्याच घोड्यांच्या जातीत भ्रूण करण्यासाठी नर आज ठरवून टाकणे म्हणजे उद्याच्या जुळणीची वाट बंद करणे. तिथे गोठवलेल्या बीजांडाला जागा आहे. मात्र सध्याच्या गळतीच्या हिशेबाने एकेका घोडीची बीजांडे अनेक खेपांत काढून ठेवावी लागतील, आणि एवढ्या घोड्या त्या कामासाठी द्यायला पाळणारे तयार आहेत का, हे आधी विचारावे लागेल.