मोरा बंदर : भूमी आणि माणसे

मोरा म्हटले की आम्हाला आधी लाँच आठवते. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची नि ओहोटी असली की गाळापायी खोळंबायची! मोरा हे उरणचे बंदर. जुन्या काळी उरण पनवेल तालुक्याचाच पोटभाग होता. एके काळी हे बेटच. दक्षिणेला द्रोणागिरी, उत्तरेला समुद्रात घारापुरी, भोवती खाडी, खाजण व मिठागरे.

जशी भूमी तशी माणसे. कोळी दर्यावर, आगरी भातशेतीत नि मिठागरात. शिवाय कराडी, मुसलमान आणि आपले बौद्ध बांधव. उरण शहराची लोकसंख्या २००१ साली सुमारे २३ हजार होती, २०११ साली ३० हजारांवर गेली.

ही वाढ फुकटची नाही. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क पुढे आला. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. पण मोबदला सातबाऱ्यावर मिळतो. ज्याचा सातबाराच नाही त्या मजुराने काय दाखवायचे?

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, उरणला रेल्वेही आली. लाँचचे महत्त्व कमी होईल, वस्ती मात्र वाढेल. म्हणून आमचे सांगणे एवढेच की जनगणनेचा माणूस दारी आला म्हणजे घरातले एकही नाव सुटू देऊ नका. जो मोजला जात नाही, तो मागणार कशाच्या आधारावर?