मेट गालातील सोनेरी साडी (२०२२)

मेट गालातील सोनेरी साडी हा पुण्यातील उद्योजिका नताशा पूनावाला यांनी २ मे २०२२ रोजी न्यू यॉर्कच्या मेट गाला सोहळ्यात परिधान केलेला पोशाख होय. कोलकात्याचे वेशरचनाकार सब्यसाची मुखर्जी यांची साडी आणि पॅरिसच्या स्कियापारेल्ली या फॅशनगृहाचे धातूचे बस्टियर अशा दोन भिन्न परंपरांतील वस्त्रांचा त्यात मेळ घातलेला आहे. वेशसंयोजन अनैता श्रॉफ अदजानिया यांचे होते.

पार्श्वभूमी

मेट गाला हा मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाच्या वेशभूषा विभागासाठी निधी उभारणारा सोहळा असून तो १९४८ पासून होतो. २०२२ चे प्रदर्शन अमेरिकी फॅशनवर होते आणि पाहुण्यांसाठीचा वेशसंकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या अमेरिकी श्रीमंतीची आठवण करून देणारा, ‘गिल्डेड ग्लॅमर’ असा होता. त्या काळच्या पाश्चात्त्य गाऊनची नक्कल न करता येथे ‘सुवर्णझळाळी’ एवढाच धागा उचललेला दिसतो.

स्वरूप

साडीचे कापड ट्यूल, म्हणजे तलम जाळीचे आहे. त्यावर रेशमी धाग्याचे भरतकाम असून मणी, उपरत्ने, स्फटिक, टिकल्या आणि छापील मखमलीचे तुकडे जडवलेले आहेत. मागे जमिनीवर लोळणारा लांब घोळ हा मात्र पाश्चात्त्य सायंगाऊनचा विशेष. चोळीच्या जागी डॅनियल रोझबेरी यांनी रचलेले, अंगापासून बाहेर वळलेल्या टोकांचे सोनेरी बस्टियर येते. मऊ, वाहते कापड आणि ताठ धातू यांतील विरोध हेच या पोशाखाचे खरे बळ आहे. त्यामुळे त्याला केवळ ‘साडी’ किंवा केवळ ‘गाऊन’ म्हणणे अपुरे ठरते.

स्कियापारेल्ली आणि साडी यांचा संबंध नवा नव्हता. गृहाच्या संस्थापिका एल्सा स्कियापारेल्ली यांनी कपूरथळ्याच्या राजघराण्यातील सीतादेवी यांच्या साड्यांवरून प्रेरणा घेऊन १९३५ मध्ये पोशाख केले होते. तेव्हा साडीचा घाट शिवलेल्या पोशाखात उतरवला गेला. २०२२ मध्ये साडी साडी म्हणूनच राहिली.

प्रदर्शन

हा पोशाख लंडनच्या डिझाइन म्युझियममधील ‘द ऑफबीट सारी’ या प्रदर्शनात (१९ मे ते १७ सप्टेंबर २०२३) मांडला गेला. प्रिया खानचंदानी या त्याच्या संयोजिका होत्या. साडीच्या मांडणीत संग्रहालयांना वेगळीच अडचण येते. गाऊनचा आकार शिवणीत पक्का असतो. पारंपरिक साडीचा आकार मात्र ती नेसवल्याखेरीज अस्तित्वात येत नाही, त्यामुळे निऱ्या आणि पदर पुतळ्यावर नव्याने घालावे लागतात.