एसजीओटीचं माहेर

रक्ततपासणीच्या कागदावर ‘लिव्हर फंक्शन’ या मथळ्याखाली एसजीओटी आणि एसजीपीटी ही जोडनावं असतात. घरात कोणाला कावीळ झाली की ती सगळ्यांना पाठ होतात. पण एसजीओटी तिथे नांदायला आलेली आहे. तिचं माहेर हृदयाचं.

साल १९५४. न्यूयॉर्कमध्ये, तेही स्लोन-केटरिंग या कर्करोगाच्या संस्थेत, जॉन लाड्यू, फेलिक्स व्रुब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन या तिघांनी दाखवलं की हार्ट अटॅकनंतर रक्तात हे एन्झाइम (पाठ्यपुस्तकातलं ‘विकर’) चढतं. हृदयाच्या स्नायूत ते भरपूर असतं; स्नायू मेला की बाहेर झिरपतं. रक्तातलं एवढंसं एन्झाइम मोजायचं कसं, हा खरा पेच होता. तो कार्मेननं अतिनील प्रकाश किती शोषला जातो हे पाहून सोडवला. पुढे कित्येक वर्षं एसजीओटी ‘कार्मेन युनिट’मध्येच मोजत.

या एन्झाइमचा आलेख काही तासांत चढतो, साधारण एका दिवसात शिखर गाठतो आणि चार-पाच दिवसांत उतरतो. उतरता आलेख मध्येच पुन्हा वर वळला, तर डॉक्टर दुसऱ्या झटक्याचा संशय घेत. तरीही हा पंचनामाच. घडून गेलेलं सांगणारा.

शिवाय हे एन्झाइम यकृतातही मुबलक. ते वाढलं म्हणजे गुन्हेगार हृदयच, असं म्हणता येईना. मग हृदयासाठी दुसरी एन्झाइम्स, एलडीएच आलं, सीके आलं, सीके-एमबी आलं, आणि एसजीओटीची रवानगी यकृताच्या रकान्यात झाली. शेवटी आलं ट्रोपोनिन. जपानच्या सेत्सुरो एबाशींनी १९६५ मध्ये ओळखलेलं हे स्नायूतलं प्रथिन. जर्मनीत ह्यूगो काटुस यांनी १९८९ मध्ये त्याच्या हृदयातल्या रूपाची रक्तचाचणी मांडली. ट्रोपोनिन एन्झाइम नाहीच. पण आयसीयूबाहेर आजही ‘एन्झाइम्स वाढलेत’ असंच कानावर येतं. मला या चुकीचं कौतुकच वाटतं. जुनं आडनाव टिकलं.

झटका येणार आहे का, हा भविष्याचा प्रश्न मात्र वेगळ्याच घराण्यातल्या एन्झाइमनं उचलला. स्वीडनच्या शेल आग्नर यांनी १९४१ मध्ये पांढऱ्या पेशींतलं एक हिरवं एन्झाइम वेगळं केलं आणि रंगावरून त्याला व्हर्डोपेरॉक्सिडेज म्हटलं. पुवाला, बेडक्याला जी हिरवट झाक येते ती याचीच. आता त्याचं नाव मायलोपेरॉक्सिडेज, म्हणजे एमपीओ. जंतू मारण्यासाठी ते हायपोक्लोरस आम्ल तयार करतं; घरातल्या ब्लीचचा हा सख्खा नातलग. जंतूंसाठी ठीक, पण रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीच्या थरात हाच उद्योग चालला तर थरावरचं आवरण कमकुवत होतं. ते फाटलं की गुठळी, आणि गुठळी म्हणजे झटका.

क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅन्ली हेझन यांच्या गटानं २००३ मध्ये छातीत दुखतं म्हणून आलेल्या ६०४ रुग्णांचं एमपीओ आल्याआल्या मोजलं. ते जास्त असलेल्यांना पुढच्या महिन्यात आणि सहा महिन्यांत हृदयाचा मोठा त्रास होण्याचा धोका अधिक निघाला. ज्यांचं ट्रोपोनिन निगेटिव्ह होतं, त्यांच्यातही. स्नायू मरण्याआधीच धोक्याची चाहूल देणारं काही हाती लागलं होतं.

तरी एमपीओ रोजच्या वापरात रुळलं नाही. दुसरीकडे कुठे जंतुसंसर्ग असला तरी ते वाढतं. आणि गंमत अशी, की झटक्यात दिलं जाणारं हेपारिन रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेलं एमपीओ सोडवून रक्तात आणतं. म्हणजे औषध आधी टोचलं की मोजमाप फसलं.

म्हणून आजही भिस्त ट्रोपोनिनवर, तेही एका आकड्यावर नाही. झटक्यानंतर आठवडाभर, कधी त्याहून जास्त ते चढलेलंच राहतं. नवा झटका ओळखायचा तर काही तासांच्या अंतरानं घेतलेल्या दोन नमुन्यांत किती फरक पडला ते बघावं लागतं. तेव्हा नर्स पुन्हा रक्त घ्यायला आली, तर ‘सकाळीच दिलं ना’ म्हणून तिला परत पाठवू नका.