बेचिराग गावाची काळी आणि पांढरी

जुन्या महसुली दप्तरांत ओस पडलेल्या गावापुढे ‘बेचिराग’ असा शेरा असे. बेचिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यातील डार्टमूरच्या माळपठारावर असेच एक खेडे आहे, हाउंड टोर. ते ओस का पडले, याची विद्वानांनी दिलेली उत्तरे मला त्याच्या अवशेषांइतकीच बोलकी वाटतात.

1960च्या दशकात मेरी मिंटर यांनी येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल गाय बेरेसफर्ड यांनी 1979मध्ये प्रसिद्ध केला. ग्रॅनाइटच्या भिंतींची चार लांबट घरे सापडली. प्रत्येक घरात वरच्या अंगाला माणसे, उताराच्या अंगाला गुरे आणि मधून बोळ. शेजारच्या कोठारांत धान्य वाळवण्याच्या भट्ट्या होत्या.

बेरेसफर्ड यांनी या भट्ट्यांचा संबंध हवामानाशी जोडला. तेराव्या शतकाच्या अखेरीस पाऊस आणि गारठा वाढला, कणसे शेतात वाळेनात, म्हणून भट्ट्या बांधल्या आणि शेवटी गाव सोडले, असे त्यांचे मत. पुढे 1985मध्ये डेव्हिड ऑस्टिन व वॉकर यांनी परिसरातील परागकणांचा अभ्यास मांडला. परागकणांवरून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे धान्य पिकत होते असे दिसते. म्हणजे भट्टी ही हार मानल्याची खूण नव्हे. ओल्या मुलखात पीक हाती लागावे म्हणून केलेली ती सोय होती.

मग लोक गेले का? 1348-49च्या महामारीने इंग्लंडची लोकसंख्या झपाट्याने घटली. खाली खोऱ्यातली कसदार जमीन कसायला माणसे मिळेनात. अशा वेळी माळावरची कष्टाची शेती कोण धरून बसेल? मला हे कारण अधिक पटते.

याच पठारावर त्याहून जुनी शेते आहेत. ‘रीव्ह’ नावाचे दगडी बांध टेकड्या-ओढे ओलांडत, एकमेकांना समांतर, कित्येक किलोमीटर जातात. अँड्र्यू फ्लेमिंग यांनी 1970च्या दशकात त्यांचा नेटका अभ्यास केला. हे बांध कांस्ययुगातले, इसवी सनापूर्वी सुमारे 1600च्या आसपासचे. एवढी सरळ आखणी एकट्या-दुकट्या कुटुंबाची असणार नाही. तिच्यामागे मोठ्या समाजाचा ठराव हवा. तीही शेती पुढे मोडली. मात्र होल्न मूर येथे मध्ययुगीन शेतकऱ्यांनी तेच बांध आपल्या शेतांच्या हद्दी म्हणून पुन्हा वापरले.

आपल्याकडे गावाची वस्ती ती पांढरी आणि शेती ती काळी. डार्टमूरवर पांढरी दोनदा उठली, तरी काळीवरच्या रेघा टिकल्या. दोन हजारांहून अधिक वर्षांनी आलेल्या परक्या माणसालाही त्या उपयोगी पडल्या. म्हणून ‘नापीक’ हा शेरा वाचताना मी आधी विचारतो, त्या काळी खाणारी तोंडे किती होती आणि खाली जमीन किती मोकळी होती? जमिनीची लायकी पुष्कळदा तिच्या मातीइतकीच या हिशेबाने ठरते.