कंपायलर साहाय्यक लायब्ररी

कंपायलर साहाय्यक लायब्ररी : प्रोसेसरमध्ये स्वतंत्र आज्ञा नसलेल्या क्रिया पार पाडण्यासाठी कंपायलर ज्यांवर विसंबतो, अशा लहान उपआज्ञावलींचा संच. मूळ आज्ञावलीत केवळ भागाकाराचे चिन्ह असते. प्रोसेसरमध्ये भागाकाराची आज्ञा नसल्यास कंपायलर तेथे योग्य उपआज्ञावलीचे नाव घालतो व लिंकर ती शोधून जोडतो.

ही कल्पना कंपायलरपेक्षा जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला एडसॅक संगणक ६ मे १९४९ रोजी कार्यान्वित झाला. त्यात गुणाकाराची आज्ञा होती, भागाकाराची नव्हती. डेव्हिड व्हीलर यांनी उपआज्ञावलीकडे जाऊन मूळ जागी परतण्याची युक्ती योजिली. १९५१ पर्यंत ८७ उपआज्ञावली छिद्रित कागदी फितींवर उपलब्ध झाल्या. त्यांत भागाकाराच्या वर्गास ‘डी’ हे अक्षर होते. हव्या त्या फितींची नक्कल आज्ञावलीच्या फितीवर करून घेत. ग्रेस हॉपर यांच्या ए-० प्रणालीने (१९५२) हे संकलन युनिव्हॅक संगणकावरच सोपविले. कंपायलर या नावाचे मूळ या संकलनातच आहे.

प्रोसेसरांचे प्रकार वाढल्यावर प्रश्न गुंतागुंतीचा झाला. एका प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी आज्ञावली तयार करताना लायब्ररी मात्र दुसऱ्याचीच लागते. १९८५ च्या पहिल्या आर्म प्रोसेसरमध्ये भागाकाराची आज्ञा नव्हती. २००९ च्या कॉर्टेक्स-एम० मध्येही ती नाही. जीसीसी या कंपायलरची (१९८७) लिबजीसीसी व एलएलव्हीएम प्रकल्पाची कंपायलर-आरटी या लायब्रऱ्या ही उणीव भरून काढतात. नव्या प्रोसेसरसाठी साधने उभारताना प्रथम कंपायलरची प्राथमिक आवृत्ती, तिच्या साहाय्याने ही लायब्ररी, मग सी भाषेची लायब्ररी व शेवटी पूर्ण कंपायलर, असा क्रम सामान्यतः पाळतात.

लायब्ररी न जोडल्यास लिंकर अज्ञात नावाची तक्रार करून थांबतो. ही चूक तुलनेने निरुपद्रवी होय. अपूर्णांकी संख्या कोणत्या रजिस्टरांतून द्यावयाच्या यासंबंधी आज्ञावली व लायब्ररी यांचे संकेत भिन्न असले आणि लिंकरला ते ओळखता आले नाहीत, तर आज्ञावली तयार होते, चालतेही. पण उत्तर चुकीचे येते. म्हणून लायब्ररीची निवड प्रोसेसरच्या नावावरून न करता त्याचा आज्ञासंच व हे संकेत दोन्ही पाहून करावी लागते.