बिळातला आवाज

एचएमव्हीच्या तबकड्या ज्या मराठी घरांत वाजल्या, त्या घरांतल्या पोरांना एक कुत्रा चेहऱ्याने पक्का ठाऊक होता. पांढरे अंग, काळे कान, मान किंचित कलती करून तो कर्ण्यासमोर बसलेला असे. त्याचे नाव निपर. तो 1884 साली ब्रिस्टल शहरात जन्मला आणि 1895 मध्ये गेला. त्याच्या मागे फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने त्याचे चित्र काढले आणि 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतले. निपरच्या रक्तात नेमक्या कोणत्या जाती होत्या याबद्दल आजही मतभेद आहेत, पण तो टेरियर होता एवढे नक्की.

त्या चित्रात कुत्रा धन्याचा आवाज ऐकतो आहे. टेरियर ज्या कामासाठी घडला, त्या कामात मात्र चित्र नेमके उलटे असे. कुत्रा जमिनीखाली काळोखात भुंकत असे आणि धनी वर चिखलात पालथा पडून, मातीला कान लावून त्याचा आवाज ऐकत असे.

‘टेरा’ म्हणजे लॅटिनमध्ये जमीन. त्यावरूनच या कुत्र्याचे नाव पडले. इंग्लंडच्या राजघराण्याचे वैद्य जॉन कायस यांनी स्विस निसर्गअभ्यासक कोनराड गेसनर यांच्यासाठी ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर एक छोटा लॅटिन ग्रंथ लिहिला. 1570 च्या त्या ग्रंथात बिळात शिरून खोकड आणि बॅजर या प्राण्यांना घाबरवणारा, चावे घेऊन बाहेर काढणारा हा कुत्रा स्पष्ट दिसतो. त्याच्याही आधी, 1561 साली, फ्रान्समध्ये जाक द्यु फुइयू यांचे शिकारीवरचे पुस्तक निघाले. बिळाच्या शिकारीला निघणाऱ्या सरदाराने काय काय बरोबर घ्यावे, याची मोठी यादी त्यात आहे. कुदळी, फावडी, दारूच्या बाटल्या, मांसाचे गार पदार्थ आणि जमिनीवर अंथरायला अर्धा डझन जाड पांघरुणे. ही पांघरुणे झोपण्यासाठी नव्हती. त्यांवर आडवे होऊन कुत्र्यांचे भुंकणे ऐकायचे होते.

इथे एक शब्द नीट लावून घ्यायला हवा. मराठीत गोष्टीतल्या ‘फॉक्स’ला सर्रास कोल्हा म्हटले जाते, पण आपला कोल्हा म्हणजे इंग्रजांचा जॅकल. त्यांचा फॉक्स हा आपल्या माळरानावरच्या खोकडाचा थोराड, तांबूस भाऊबंद. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हरणे आणि त्यांची राने कमी झाली तशी घोड्यावरून खोकडामागे धावण्याची शिकार वाढली. ह्यूगो मेनेल यांनी 1753 पासून क्वॉर्न इथे वेगवान शिकारी कुत्रे पैदा केले आणि या खेळाला आजचे रूप आले.

या खेळाची एक बाजू रात्रीच सुरू होई. खोकड रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडते. ते बाहेर असतानाच एक माणूस कंदील आणि फावडे घेऊन रानात फिरे आणि बिळांची तोंडे माती, काटक्या घालून बंद करी. पहाटे परतलेल्या खोकडाला आपल्याच घराचे दार लावलेले सापडे. मग ते उघड्यावर राही आणि सकाळी कुत्र्यांच्या तावडीत येई. पण एखादे बीळ नजरेतून सुटायचेच. पाठलाग ऐन रंगात असताना खोकड त्यात घुसले की तीस-चाळीस मोठे कुत्रे आणि तितकेच घोडेस्वार बिळाच्या तोंडाशी हताश उभे राहत. मग टेरियरची हाक येई. आखूड पायांनी त्याला घोड्यांबरोबर दिवसभर धावणे जमत नसे, म्हणून त्याला बऱ्याचदा खोगिराशी बांधलेल्या पिशवीतून आणत.

या कुत्र्याचे अंग बिळाच्या मापाने घडले आहे. छाती माणसाच्या दोन पंजांच्या कवेत मावली पाहिजे. त्यासाठी घेर साधारण 14 इंच, म्हणजे खोकडाच्या छातीएवढा. जिथे खोकड जाते तिथे त्याला जाता आले पाहिजे आणि वळायला जागा नसली तरी मागच्या मागे सरकत परत येता आले पाहिजे. पुष्कळांचा रंग पांढरा, कारण मातीने माखून बाहेर आलेला तांबडा कुत्रा शिकारी कुत्र्यांना खोकडच वाटण्याची भीती. आपल्या दख्खनी पठारावरचा कारवानी कुत्रा उघड्या माळावर सशामागे धावण्यासाठी घडला, म्हणून तो लांब पायांचा. काम बदलले की हाडे बदलतात, याची यापेक्षा स्वच्छ जोडी सापडणे कठीण.

आणि त्याचे काम मारणे नव्हते. चांगला टेरियर खोकडापासून हातभर अंतरावर उभा राहून सतत भुंकायचा. कंटाळून खोकड दुसऱ्या तोंडाने निसटले तर पाठलाग पुन्हा सुरू. नाही हलले, तर माणसे आवाजाच्या रोखाने वरून खणत. जो कुत्रा न भुंकता सरळ जबडा घाली तो शूर असेल, पण त्याचा उपयोग थोडा. तो कुठे आहे हेच वर कळत नसे. माती ढासळली, कुत्रा मुळांत किंवा खडकांत अडकला, तरी त्याचा आवाज हाच त्याचा पत्ता होता. एका बिळात एकच कुत्रा सोडायचा हा जाणत्यांचा नियमही याच काळजीतून आला. मागचा पुढच्याला ढकलतो आणि पुढच्याची परतीची वाट बंद होते.

डेव्हन परगण्यातल्या जॉन ऊर्फ जॅक रसेल यांनी न मारणाऱ्या टेरियरचा हा विचार कुत्र्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या जपला. ते 1795 मध्ये जन्मले आणि ऑक्सफर्डला शिकले. तिथे 1819 च्या सुमारास मार्स्टन गावात एका दूधवाल्याजवळ त्यांना एक कुत्री दिसली. पांढरी, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी ठिपका, शेपटीच्या मुळाशी पैशाएवढा आणखी एक. तिचे नाव ट्रम्प. रसेल यांनी ती तिथेच विकत घेतली. पुढे ते स्विमब्रिज गावचे पाद्री झाले, जवळपास अर्धे शतक तिथे राहिले आणि ट्रम्पच्या वंशातून आपल्या मनाजोगते कुत्रे पैदा करत राहिले. खोकड मारले तर उद्याचा पाठलाग संपला, म्हणून त्यांना खोकडाला फाडणारे टेरियर नको होते. 1873 साली लंडनमध्ये केनेल क्लब ही श्वानप्रेमींची संस्था स्थापन झाली तेव्हा रसेल संस्थापक सभासदांत होते. त्यांनी कुत्र्यांच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून काम केले, पण स्वतःचे कुत्रे तिथे कधी उभे केले नाहीत. ट्रम्पचे चित्र पुढे ब्रिटिश राजघराण्याच्या सँड्रिंगहॅमच्या वाड्यात गेले.

इंग्लंडच्या उत्तरेत कंबरलँडच्या डोंगरांत मात्र ही हौस नव्हती. तिथे घोडे चढतच नाहीत. मेंढपाळ पायी निघत, कारण वसंतात खोकड कोकरे उचलून नेई आणि कोकरू म्हणजे वर्षाची मिळकत. खोकड मोठमोठ्या दगडांच्या राशीत शिरे. तिथे फावडे कामाचे नाही, पहारीने शिळा हलवाव्या लागत. एखादा कुत्रा आत अडकला की त्याच्यासाठी शेजारपाजारचे लोक कामे टाकून येत. इथल्या कुत्र्यांना रूपाचे कौतुक कधीच नव्हते. अंग अरुंद, केस राठ आणि काळीज मोठे असले की झाले.

या इतिहासात सर्वांत जास्त सोसले ते बॅजरने. तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला हा ठेंगणा, नखांचा जबरदस्त प्राणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहतो. मोठ्या वसाहतीतल्या बोगद्यांची लांबी शेकडो मीटर भरते. जर्मनीत त्याच्यासाठी खास कुत्रा तयार झाला. ‘डाक्स’ म्हणजे बॅजर आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा, तोच आपल्याकडे लाडाने पाळला जाणारा लांबोडका डाक्सहुंड. इंग्लंडमध्ये बॅजरला पिंपात किंवा खड्ड्यात कोंडून त्याच्यावर कुत्रे सोडायचे आणि पैजा लावायच्या, हा प्रकार 1835 च्या कायद्याने बंद झाला. खणून काढणे चालूच राहिले. 1894 साली आर्थर हाइनमन यांनी त्यासाठी रीतसर क्लबही काढला. 1904 मध्ये रसेल यांच्या धर्तीच्या टेरियरचे पहिले वर्णन लिहिले तेही त्यांनीच. बॅजरला कायद्याचे संरक्षण मिळाले 1973 मध्ये, आणि त्याच्या घरालाही मिळाले 1991 मध्ये. खोकडाबाबत मेंढपाळाची बाजू समजू शकते. बॅजरबाबत अशी बाजूच नव्हती. स्वतःच्या घरात बसलेल्या प्राण्याला केवळ गमतीसाठी छळले, आणि त्यात कुत्र्यांचेही जबडे फाटले. हे क्रौर्यच होते.

इकडे प्रदर्शनांच्या मैदानात टेरियर बदलत गेला. 1876 मध्ये फॉक्स टेरियरचा स्वतंत्र क्लब निघाला. पाहता पाहता पाय सरळ आणि उंच झाले, छाती खोल झाली, डोके लांबट झाले. दिसायला देखणा, पण बिळात न मावणारा. कामाचे कुत्रे पाळणाऱ्यांना हीच धास्ती होती. म्हणून 1974 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या जॅक रसेल क्लबने केनेल क्लबच्या मान्यतेला विरोध केला. या क्लबचा परीक्षक अजूनही कुत्र्याची छाती दोन्ही हातांत धरून पाहतो.

जमिनीला कान लावण्याचे दिवस मात्र संपले. कुत्र्याच्या गळपट्ट्यात छोटा प्रक्षेपक बसवतात आणि वर हातातले यंत्र टिकटिक करून खोली सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 च्या फेब्रुवारीपासून कुत्र्यांकरवी शिकारीला बंदी आहे. बिळात टेरियर सोडायची मुभा फक्त बंदुकीच्या शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांच्या रक्षणापुरती उरली आहे, तीही एकच कुत्रा आणि खिशात जमीनमालकाची लेखी परवानगी असेल तर.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आज जॅक रसेल टेरियर दिसतो. तो कुंडी उकरतो, सोफ्याच्या फटीत नाक खुपसून भुंकत राहतो, आणि घरचे त्याला दामटतात. चारशे वर्षे माणसाने त्याला हेच शिकवले आहे. त्याला मातीचा एखादा कोपरा द्या, त्यात चेंडू पुरून ठेवा आणि शोधू द्या. फक्त गावी नेल्यावर बांधावरच्या बिळावर त्याला सोडू नका. आत खोकड, मुंगूस, साळिंदर किंवा घोरपड असेल, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या सगळ्यांना अभय दिले आहे.